तालीम आणि शाळा : लहुजी वस्तादांचे स्मरण



शाळेच्या स्मृतिव्याख्यानात सामान्यतः एखाद्या साहित्यिकाविषयी, समाजसुधारकाविषयी किंवा शिक्षणमहर्षीविषयी बोलण्याचा प्रघात आहे. हा प्रघात चांगला आहे; मीही अध्यापनाच्या काळात तो अनेकदा पाळला आहे. आज मात्र ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या नावावर एकही ग्रंथ नाही. त्यांच्या हाती लेखणी नव्हती, दांडपट्टा होता. त्यांचे विद्यार्थी बाकावर बसत नव्हते, मातीत घाम गाळत होते. आणि तरीही महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या काही पानांवर असावयास हवे, असे माझे मत आहे. ते नाव म्हणजे लहुजी राघोजी साळवे, अर्थात लहुजी वस्ताद.

हिंडलग्यासारख्या गावात हा विषय निवडण्यास आणखीही एक कारण आहे. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या या गावाला लागून लष्कराची छावणी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. या परिसरातील पिढ्यान्‌पिढ्यांनी एकीकडे शाळा आणि दुसरीकडे तालीम अशा दोन उंबरठ्यांवरून आयुष्यात पाऊल टाकले. हे दोन उंबरठे एकमेकांपासून किती दूर आहेत, की मुळात ते एकच आहेत, हा प्रश्न लहुजींच्या चरित्राने आपल्यापुढे ठेवला आहे. त्या प्रश्नाचा मागोवा घेणे एवढाच या व्याख्यानाचा मर्यादित हेतू आहे.

१. शब्दांची साक्ष

मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे आरंभ शब्दांपासून करतो. ‘तालीम’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या मार्गाने आला. मुळात त्याचा अर्थ शिक्षण, शिकवणूक असा आहे. उर्दूत आजही तो याच अर्थाने वापरतात. मराठीने हा शब्द स्वीकारला तेव्हा त्याला कुस्तीच्या हौद्यात आणून बसवले. पुढे नाटकवाल्यांनी तो उचलला आणि नाटकाच्या ‘तालमी’ होऊ लागल्या. ‘वस्ताद’ हा शब्दही ‘उस्ताद’ या शब्दाचे मराठी रूप. मुळात अर्थ गुरू, निष्णात शिक्षक. गवयाच्या घराण्यात तो उस्ताद राहिला, तालमीत तो वस्ताद झाला. आणि बोलीभाषेत ‘मोठा वस्ताद आहे हो’ असे म्हणताना त्याला किंचित बेरकीपणाची छटाही आली.

सीमाभागात राहिल्याने आणखी एक गंमत आपल्या ध्यानात येते. कन्नडमध्ये तालमीला ‘गरडी’ म्हणतात. अमुक एका थोर माणसाच्या हाताखाली जो घडला, तो त्यांच्या ‘गरडीत’ तयार झाला, असे कन्नड माणूस सहज म्हणून जातो. आपणही ‘तो अमक्यांच्या तालमीत तयार झाला’ असेच म्हणतो. मग तो माणूस गायक असो, संपादक असो की वकील. दोन्ही भाषांनी माणूस घडवण्याच्या क्रियेसाठी वर्गाची प्रतिमा घेतली नाही, हौद्याची घेतली. याचे कारण उघड आहे. वर्गात शिकवलेले विसरता येते. शरीरात मुरलेले विसरता येत नाही.

आमच्या पिढीने ही गोष्ट प्रत्यक्ष अनुभवली आहे. माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या तालमीत हौद्याच्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून ती मळली जाई. त्या मातीचा वास पहाटेच्या थंडीत रस्त्यापर्यंत येई. आमचे वस्ताद स्वतः अक्षरशत्रू होते. परंतु परीक्षेच्या दिवसांत पोर हौद्यात उतरू लागले की ते विचारीत, ‘‘धडा झाला का रे तुझा? म्हण बघू.’’ आम्ही चुकीचे म्हटले तरी त्यांना ते कळण्याचा संभव नव्हता. पण त्यांच्यासमोर चुकीचे म्हणण्याची आमची छाती होत नसे. निरक्षर वस्तादाला अक्षराचे एवढे अगत्य का, हे त्या वयात उमगले नाही. लहुजींचे चरित्र अभ्यासताना त्याचे उत्तर मला सापडले.

२. पुरंदरचा पायथा आणि खडकीचे मैदान

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या परिसरात झाला, असे परंपरेने मानले जाते आणि त्यांची जयंतीही त्याच दिवशी साजरी होते. हा प्रदेशच शस्त्राचा. १६६५ मध्ये मुरारबाजी देशपांडे याच किल्ल्यावर दिलेरखानाशी झुंजताना धारातीर्थी पडले. इंग्रजी अमलाच्या आरंभी ज्यांनी बंडाचे निशाण उभारले, ते उमाजी नाईकही याच परिसरातले. लहुजींचे घराणे मांग, म्हणजे आजच्या भाषेत मातंग समाजातले. किल्ल्याचा पहारा आणि राखण ही त्या घराण्याची परंपरा. ‘राऊत’ ही उपाधी त्यांच्या नावापुढे आढळते, ती या लष्करी पेशाची खूण होय.

वडील राघोजी हे दुसऱ्या बाजीरावाच्या चाकरीत होते. त्यांच्या अंगबळाच्या आणि वाघाशी दिलेल्या झुंजीच्या कथा आजही सांगितल्या जातात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेने मुळा-मुठेच्या संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी जाळली आणि त्याच दिवशी खडकीच्या मैदानात बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली लढाई झाली. या लढाईत राघोजी पडले, असे परंपरा सांगते. जन्मतिथी खरी मानली तर त्या दिवशी लहुजींना तेवीस वर्षे पूर्ण होण्यास नऊ दिवस उरले होते. आणखी बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढच्या वर्षी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला निघून गेला.

एका तरुणाच्या आयुष्यात दोन आठवड्यांच्या आत बाप गेला, धनी गेला आणि ज्या पेशावर घराणे जगत होते तो पेशाही गेला. देशासाठीच जगण्याची आणि देशासाठीच मरण्याची प्रतिज्ञा लहुजींनी या प्रसंगी केली, असे सांगतात. प्रतिज्ञेचे शब्द काय होते यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यानंतरचे त्रेसष्ट वर्षांचे आयुष्य त्यांनी ज्या कामात घालवले, ते काम हीच त्या प्रतिज्ञेची साक्ष मानावी.

३. गंज पेठेतली तालीम

लहुजी पुण्यात आले आणि गंज पेठेत त्यांनी तालीम उभारली. १८२२ हे तिचे साल सांगितले जाते. ही पेठ आज महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते. जोतीरावांचा वाडा आणि वस्तादांची तालीम एकाच पेठेत असाव्यात, हा केवळ योगायोग नव्हता, हे पुढे दिसेलच.

या तालमीत काय शिकवले जाई? कुस्ती, जोर-बैठका, मुद्गल, लाठी, फरीगदगा, भाला, तलवार, नेमबाजी आणि दांडपट्टा. यांपैकी दांडपट्ट्याविषयी दोन शब्द अधिक सांगतो, कारण मिरवणुकीत पट्टा फिरताना पाहिलेल्या आजच्या मुलांना तो केवळ करमणुकीचा खेळ वाटतो. पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचीक असते. त्याची मूठ साधी नसते. लोखंडी खोळीत हात कोपराच्या जवळपर्यंत शिरतो. त्यामुळे तलवारीप्रमाणे मनगटाने वार करता येत नाही. मनगट जखडलेले असते. वार खांद्यातून, कमरेतून, किंबहुना संपूर्ण देह फिरवून करावा लागतो. पायाचा पवित्रा चुकला तर पाते शत्रूऐवजी स्वतःलाच लागते. जमिनीवर ठेवलेले लिंबू दोन फाका करून कापणे, माणसाच्या तळहातावरची सुपारी कापणे पण हाताला ओरखडा न येऊ देणे, ही पट्ट्याच्या विद्येची कसोटी. अंगात बळ किती आहे हे लिंबू कापून कळत नाही. बळ आवरता किती येते, ते कळते.

वस्तादाचे खरे शिक्षण हेच असते. ‘वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो’ असे आपल्याकडे म्हणतात. लहुजींनी कोणता डाव राखून ठेवला होता, हे मी शेवटी सांगेन.

आता या तालमीचे ऐतिहासिक वैशिष्ट्य पाहू. पेशवाईच्या पुण्यात तालमींना तोटा नव्हता. दुसऱ्या बाजीरावाला मल्लविद्येचा शौक होता. बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या याच काळात पुन्हा उजेडात आणली. परंतु या तालमींचे दार सर्वांना खुले होते काय? या प्रश्नाचे उत्तर लहुजींच्याच घरातून, एका मुलीच्या लेखणीतून आले आहे. मांग आणि महार यांच्या हाती शस्त्र होते, कारण गडाची आणि गावाची राखण त्यांच्याकडे होती. मात्र शहरातल्या तालमीपुढून चालण्याचाही अधिकार त्यांना नव्हता. त्याच जातीतला एक पुरुष त्याच शहरात तालमीचा वस्ताद झाला आणि ज्यांच्या सावलीला त्याची सावली चालत नव्हती, त्यांची मुले त्याच्या पायाला हात लावून हौद्यात उतरू लागली. कोणत्याही धर्मसभेने ठराव केला नव्हता, कोणत्याही सरकारने कायदा केला नव्हता. विद्या हवी असेल तर गुरू मानावा लागतो, हा तालमीचा नियम होता आणि त्या नियमापुढे जातीचा नियम त्या चार भिंतींच्या आत लंगडा पडला.

तालमीचा हा गुण अन्यत्रही दिसतो. बडोद्याचे प्राध्यापक माणिकराव हे जुम्मादादा या मुसलमान वस्तादांचे शिष्य; त्यांनी आपल्या व्यायाममंदिराला गुरूचेच नाव दिले आणि देशभर नावाजलेली ती संस्था त्या नावानेच ओळखली गेली. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, तेव्हा तिथेही पैलवानाची जात विचारली जात नव्हती. लहुजी या परंपरेतले फार आधीचे आणि फार कठीण काळातले. शिवाय माणिकरावांना सयाजीरावांचा आणि कोल्हापूरच्या मल्लांना शाहू महाराजांचा आधार होता. लहुजींच्या पाठीशी राजा नव्हता.

४. एका वस्तादाचे दोन शिष्य

लहुजींच्या शिष्यांपैकी दोघांचा विचार येथे करू. पहिले जोतीराव फुले (१८२७ ते १८९०) आणि दुसरे वासुदेव बळवंत फडके (१८४५ ते १८८३).

जोतीराव लहुजींकडे गेले तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांच्या आसपास होते आणि वस्तादांनी पन्नाशी ओलांडली होती. आपण दांडपट्टा आणि निशाणबाजी लहुजींकडे शिकलो, ही गोष्ट जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या ग्रंथात स्वतः नमूद केली आहे. त्या वयात इंग्रजांना घालवून देण्याची उमेद आपल्या मनात होती, हेही त्यांनी लपवलेले नाही. पुढे विचारान्ती त्यांना असे दिसले की, समाजातील बहुसंख्यांना माणूस म्हणून जगण्याचीच मोकळीक नसेल, तर राज्य कोणाचे हा प्रश्न दुय्यम ठरतो. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. नंतरच्या तीन-चार वर्षांत मुलींच्या आणखी शाळा आणि महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या.

या शाळांची सुरुवात किती कठीण होती, हे आपण जाणता. सावित्रीबाईंवर चिखल आणि शेण फेकले गेले, जोतीरावांना वडिलांचे घर सोडावे लागले. पण याहून कठीण अडचण निराळीच होती. ज्यांच्यासाठी शाळा काढली, त्यांनी आपली मुले पाठवावयास हवी ना? ज्यांच्या शंभर पिढ्यांना अक्षर वर्ज्य होते, त्यांना अक्षराची भीती वाटणे स्वाभाविक होते. मूल शाळेत गेले तर देव कोपेल, गाव कोपेल, रोजगार बुडेल. अशा वेळी घरोघर जाऊन समजूत घालणारा माणूस त्यांच्यातलाच, त्यांना वचक आणि विश्वास दोन्ही वाटेल असा हवा होता. शाळांच्या त्या काळच्या हकिगतीत अशी दोन नावे आढळतात : लहुजी राघ राऊत मांग आणि राणबा महार. या दोघांनी आपापल्या समाजाला विद्येचे महत्त्व पटवून मुले शाळेत आणली.

तालमीतल्या जवानांनी फुले दांपत्याला संरक्षण दिले, असेही परंपरा सांगते. शाळेच्या दारात उभे राहणारे पट्टेकरी हे चित्र मोठे मोहक आहे. तरीही माझ्या मते मुले शाळेत आणून बसवणे हे काम त्याहून मोठे होते. दार राखायला बळ पुरते. पोराचा हात धरून त्याला दारातून आत नेण्यासाठी त्याच्या आईबापाचा विश्वास लागतो.

दुसरे शिष्य वासुदेव बळवंत. कुलाबा जिल्ह्यातील शिरढोणचा हा तरुण पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होता. तो लहुजींकडे आला तेव्हा वस्ताद सत्तरीच्या घरात होते. १८७६-७७ च्या दुष्काळाने त्याचे मन पेटले. रामोशी आणि अन्य समाजातील माणसे जमवून १८७९ च्या फेब्रुवारीत त्याने बंड पुकारले. धामारीपासून दरोड्यांचे सत्र सुरू झाले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात तो पकडला गेला. कोठे? त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, देवर नावदगी येथे. महाराष्ट्रातले हे बंड अखेर कन्नड मुलखात येऊन विसावले, याची जाणीव आपल्या सीमाभागात तरी असावी. पुण्यात खटला चालला, जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्याने देह ठेवला.

एकच वस्ताद, एकच हौदा, एकच पट्टा; आणि शिष्य मात्र दोन वाटांनी गेले. एकाने इंग्रजी राज्य ही शूद्रातिशूद्रांना शिकण्यासाठी मिळालेली संधी मानली, दुसऱ्याने तेच राज्य उलथण्यासाठी प्राण वेचले. यांपैकी खरा शिष्य कोणता, असा प्रश्न काही जण विचारतात. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. वस्ताद पवित्रा शिकवतो. वार कोठे करायचा, हे शिष्याने ठरवायचे असते. येथे एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. या बंडखोर वासुदेव बळवंतांनीही वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासमवेत पुण्यात ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ ही शिक्षणसंस्था उभी करण्यात भाग घेतला होता. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. म्हणजे सुधारक शिष्याने शाळा काढली आणि बंडखोर शिष्यानेही शाळा काढली. दोन वाटा पुढे जिथे दुभंगल्या, त्याच्या अलीकडे दोघांच्याही वाटेवर शाळा होती.

५. मुक्ताची लेखणी

आता मी या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाच्या व्यक्तीकडे वळतो. तिचे नाव मुक्ता साळवे. लहुजींच्या घराण्यातली ही मुलगी; ती त्यांची नात, असे सामान्यतः सांगतात. जोतीरावांच्या शाळेत ती शिकली. चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने तो १८५५ मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला.

मराठी गद्याचा अभ्यासक या नात्याने मी हा निबंध अनेकदा वाचला आहे. १८५५ साली आपले गद्य अजून भाषांतरांच्या आणि क्रमिक पुस्तकांच्या छायेत वाढत होते. त्या काळात ही मुलगी परमेश्वरालाच थेट सवाल करते की, आम्हाला धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई असेल तर आम्ही धर्मरहित ठरतो, मग आमचा धर्म कोणता? इमारतीच्या पायात माणसे पुरण्याची क्रूर चाल, घराबाहेर उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांची दैना, हे ती सांगते. आणि याच निबंधात ती तालीमखान्याचा उल्लेख करते. बाजीरावाच्या अमलात तालीमखान्यासमोरून एखादा मांग किंवा महार गेला, एवढ्याच अपराधासाठी त्याला ठार मारीत आणि त्याच्या मस्तकाचाही खेळ करीत, असे तिचे कथन आहे.

हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला लहुजी आठवतात. निबंध प्रसिद्ध झाला त्या वर्षी ते साठीत होते. बाजीरावाचा अंमल मुक्ताने पाहिला नव्हता. लहुजींनी पाहिला होता. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय चौदा वर्षांच्या मुलीला हे कोठून कळणार? माझा तर्क असा की, त्या निबंधाच्या मागे वस्तादांच्या घरातील आठवणी आहेत. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु तो सहज मनात येणारा तर्क आहे.

यातली गुंतागुंत ध्यानात घ्या. ज्या पेशव्यासाठी राघोजी रणात पडले, त्याच पेशव्याच्या राज्यातील अन्याय त्याच घराण्यातली मुलगी जगापुढे मांडते आणि त्यातून सुटका केल्याबद्दल इंग्रज सरकारचे आभारही मानते. ज्या घरात इंग्रजांना घालवण्याची प्रतिज्ञा झाली, त्याच घरात हे लिहिले गेले. इतिहास आपल्याला सरळ रेषेत हवा असतो. शूर बाप, क्रांतिकारक मुलगा आणि त्यांचा जयजयकार करणारी नात, अशी वंशावळ आपल्याला आवडते. प्रत्यक्षातले घर असे नसते. त्या घरात धन्याशी निष्ठा होती, धन्याच्या राज्याविषयी वेदना होती, परक्याचा राग होता आणि परक्याने उघडलेल्या दाराविषयी कृतज्ञताही होती. या सर्वांना एका छपराखाली जागा देणारा कर्ता पुरुष केवढ्या मनाचा असेल!

६. साक्ष आणि आख्यायिका

आदरणीय माणसांभोवती आख्यायिका जमतातच. लहुजींच्या बाबतीत तर ते अपरिहार्य होते, कारण त्यांच्या समाजाच्या हाती लेखणी नव्हती. ज्यांना लिहिता येते, त्यांचा इतिहास कागदावर राहतो. ज्यांना येत नाही, त्यांचा ओठांवर राहतो. ओठांवरच्या इतिहासाला आपण तुच्छ लेखू नये. मात्र तो पारखून घ्यावा.

लहुजींच्या शिष्यांच्या काही याद्यांत चाफेकर बंधूंचेही नाव घेतात. दामोदर चाफेकरांचा जन्म १८६९ चा आणि लहुजींचे निधन १८८१ चे. म्हणजे वस्ताद गेले तेव्हा दामोदरपंत बारा वर्षांचेही नव्हते आणि वस्ताद सहाऐंशी वर्षांचे होते. एवढा हिशेब आपल्या शाळेतला सातवीतला विद्यार्थीही करू शकेल. पुण्यात पुढे जो जो शूर निपजला, तो तो लहुजींचाच शिष्य असला पाहिजे, अशी ही श्रद्धा आहे. श्रद्धेमागची भावना मी समजू शकतो. पण लहुजींना तिची गरज नाही. जोतीरावांनी स्वतःच्या लेखणीने घेतलेले गुरूचे नाव, शाळांच्या हकिगतीतला उल्लेख आणि मुक्ताचा निबंध, एवढे तीन कागद त्यांच्या थोरवीला पुरेसे आहेत. ज्याचे सोने खरे आहे, त्याने मुलाम्याचे दागिने कशाला घालावेत?

दुसरा धोका याच्या उलट आहे. अलीकडे प्रत्येक थोर पुरुष त्या त्या समाजाच्या हवाली करण्याची रीत पडली आहे. ज्यांच्या तालमीत जात गळून पडली, त्यांची जयंती एकाच वस्तीत साजरी व्हावी, यासारखा दैवदुर्विलास नाही. मातंग समाजाने लहुजींची स्मृती जपली, इतरांनी विसरली तेव्हाही जपली, याबद्दल आपण सर्वांनी त्या समाजाचे ऋणी असले पाहिजे. परंतु ते ऋण फेडण्याचा मार्ग म्हणजे त्यांना त्यांच्यापुरते ठेवणे नव्हे. मराठीच्या, इतिहासाच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या, अशा तिन्ही तासांना त्यांचे नाव घेतले जावे.

७. राखून ठेवलेला डाव

लहुजींच्या अखेरच्या वर्षांत त्यांची विद्या मावळत चालली होती. १८५७ नंतर सरकारने लोकांना निःशस्त्र करण्यास सुरुवात केली आणि १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने ते काम पुरे केले. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. पट्टा रणातून उठला आणि मिरवणुकीत आला. आपल्या बेळगावात शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण जे दांडपट्ट्याचे हात पाहतो, ते त्या रणविद्येचे उरलेले अवशेष होत. आयुष्यभर जी विद्या दिली तिला व्यवहारात जागा उरली नाही, हे पाहणे कोणत्याही गुरूला जड जाते. १८७९ मध्ये शिष्य पकडला गेला. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी वस्ताद गेले. पुढे दोन वर्षांनी, त्याच तारखेला, एडनमध्ये तो शिष्यही गेला. लहुजींची समाधी पुण्यात संगमवाडीला आहे. ज्या संगमावरची रेसिडेन्सी जाळून १८१७ ची लढाई पेटली, त्याच संगमाच्या आसमंतात.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे मी मघाशी म्हटले. लहुजींनी राखून ठेवलेला डाव शस्त्राचा नव्हता. खडकीच्या मैदानात त्यांनी पाहिले होते की, शौर्यात उणे नसूनही राज्य बुडाले. तालमीच्या दाराशी त्यांनी पाहिले होते की, हातात शस्त्र असूनही माणसाला माणूस मानले जात नाही. शस्त्राने जे साधले नाही, ते अक्षराने साधेल, हे त्यांनी ओळखले आणि स्वतः निरक्षर समाजात जन्मलेल्या त्या वृद्ध पट्टेकऱ्याने आपल्या घरातली मुलगी शाळेत जाऊ दिली. तो डाव होता. १८५५ साली ‘ज्ञानोदया’च्या अंकात तो लागला.

पट्टा फिरवताना मनगट जखडलेले असते, हे मी सांगितले. जखडलेल्या हातानेही सर्व देहाच्या बळावर अचूक वार करता येतो, हीच त्या विद्येची शिकवण आहे. मुक्ताच्या पिढीचे हात परंपरेने जखडलेले होते. तिने त्याच हाताने लिहिले.

शिक्षक मित्रहो, आपल्या शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास हा बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी विषयाला उसना देण्यासाठी असतो. आणि तालमीतल्या पोराला आपण अभ्यासात कच्चा म्हणून सोडून देतो. हे दोन्ही प्रकार आपण थांबवावेत, अशी माझी आपणांस नम्र विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, गावोगावच्या जुन्या वस्तादांची नावे, त्यांचे डाव, त्यांच्या शिष्यांच्या आठवणी आजच लिहून ठेवा. त्या ओठांवर आहेत तोवरच आपल्या आहेत. कोणता वस्ताद कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, याचा विचार न करता लिहा. आपल्या भागातल्या हौद्यात मराठी आणि कन्नड दोन्ही पाठी एकाच लाल मातीने माखल्या आहेत.

तालीम म्हणजे शिक्षण, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ मराठी भाषा विसरली. परंतु लहुजी वस्ताद विसरले नाहीत. तो अर्थ या शाळेने जपावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो.